एझर्ड चार्ल्स: पट्टा हेवीवेटचा, हात लाइट हेवीवेटचे

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन मुष्टियोद्धा एझर्ड चार्ल्सने जो लुईला हरवलं, हेवीवेटचं जगज्जेतेपद आठ वेळा राखलं, रॉकी मार्सियानोसमोर पंधरा फेऱ्या उभा राहिला. तरी मोठ्या हेवीवेटांची नावं निघाली की तो मागच्या बाकावर का? त्याचं कौशल्य तेवढंच होतं का, आणि त्याचा खरा वजनगट कोणता?

उत्तर आधीच देतो. त्याचा गट लाइट हेवीवेट, म्हणजे १७५ पौंडांपर्यंतचा, आपल्या हिशेबात ७९.४ किलो. त्या गटात त्याच्याहून सर्वांगाने तयार मुष्टियोद्धा मला दाखवता येत नाही. गोची एवढीच, की या गटाच्या जगज्जेतेपदासाठी त्याला कधी लढायलाच मिळालं नाही. पट्टा मिळाला तो वरच्या गटाचा, आणि लोक त्याला आजही त्याच मापाने मोजतात. ऐंशी किलोच्या पैलवानाला खुल्या गटातल्या निकालांवरून जोखावं, तसा हा प्रकार.

आधी रेकॉर्ड नीट वाचू, कारण पहिली चूक तिथेच होते. नव्वदहून जास्त विजय, २५ पराभव, १ बरोबरी. २५ हा आकडा पाहिला की आजच्या प्रेक्षकाच्या कपाळाला आठ्या पडतात. पण हे पराभव तारखांप्रमाणे मांडा. १९४० ते जून १९५१ या अकरा वर्षांत फक्त पाच: १९४१ मध्ये केन ओव्हरलिन, १९४२ मध्ये किड टुनेरो, १९४३ मध्ये जिमी बिव्हिन्स आणि लॉइड मार्शल, १९४७ मध्ये एल्मर रे. पुढे जुलै १९५१ ते १९५४ अखेर सात: जर्सी जो वॉलकॉटकडून दोन, मार्सियानोकडून दोन, रेक्स लेन, निनो व्हाल्देस आणि हॅरल्ड जॉन्सन यांच्याकडून एकेक. उरलेले तेरा १९५५ ते १९५९ या उतरणीच्या वर्षांतले. तेव्हा पाय संपले होते आणि पैशासाठी लढणं चालू होतं. १९५६ मध्ये लंडनला डिक रिचर्डसनविरुद्ध तर त्याला प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याबद्दल दुसऱ्याच फेरीत बाद केलं. ज्याच्या पायांवर सगळी कला उभी होती, तो दुसऱ्या फेरीत मिठी मारून बसतो. त्या काळातल्या निकालांवरून कौशल्याबद्दल काही ठरवण्यात अर्थ नाही. (आयुष्याच्या अखेरीस त्याला स्नायू निकामी करणारा एएलएस हा आजार झाला आणि १९७५ मध्ये त्यातच तो गेला. काहीजण १९५०च्या दशकातले पराभवही त्याच आजाराच्या खाती टाकतात. मी टाकणार नाही. वय, शंभराहून जास्त लढती आणि चुकीचं वजन ही कारणं पुरेशी आहेत.)

आता लाइट हेवीवेटची वही उघडा. १९४१ मध्ये नॅशनल बॉक्सिंग असोसिएशनचा जेता असलेल्या अँटन ख्रिस्तोफोरिडिसला चार्ल्सने जानेवारी १९४२ मध्ये तिसऱ्या फेरीत बाद केलं. गस लेझ्नेविच १९४८ पर्यंत जेता होता. १९४९ मध्ये तो चार्ल्ससमोर सात फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठला नाही. जोई मॅक्सिम १९५० ते १९५२ जेता होता, त्याच्याशी पाच लढती आणि पाचही चार्ल्सच्या. मॅक्सिमकडून पट्टा घेऊन १९६२ पर्यंत मिरवणारा आर्ची मूर, त्याच्याशी तीन लढती आणि तिन्ही चार्ल्सच्या: मे १९४६ मध्ये पिट्सबर्गला गुणांवर, मे १९४७ मध्ये सिनसिनाटीला गुणांवर आणि जानेवारी १९४८ मध्ये क्लीव्हलँडला आठव्या फेरीत नॉकआउट. म्हणजे १९५० ते १९६२ या काळात हा गट ज्या दोघांच्या हाती होता, त्यांच्याविरुद्ध चार्ल्सचा हिशेब आठास शून्य. मूर तेव्हा कोवळा पोरगा नव्हता. चार्ल्सहून वयाने मोठा आणि अनुभवाने पक्का होता.

ज्यांनी त्याला १९४३ मध्ये झोडपलं त्यांचं पुढे काय झालं, तेही बघा. मार्शलने एकवीस वर्षांच्या चार्ल्सला वारंवार खाली पाडून आठव्या फेरीत संपवलं होतं. सैन्यातून परतल्यावर चार्ल्सने १९४६ मध्ये त्याला सहाव्या फेरीत आणि १९४७ मध्ये दुसऱ्या फेरीत झोपवलं. बिव्हिन्सला पुढे चार वेळा हरवलं, त्यातल्या एका लढतीत चौथ्या फेरीत नॉकआउट. एल्मर रेकडून न्यूयॉर्कला पंचांच्या मतभेदाच्या निकालाने हरला, तर पुढच्या वर्षी शिकागोत त्याला नवव्या फेरीत बाद केलं. १९४६ च्या सुरुवातीपासून १९५१ च्या जुलैपर्यंतचा एकुलता एक पराभव म्हणजे हा रेचा पहिला सामना.

मग पट्ट्यासाठी लढत का नाही मिळाली? त्या काळी जेत्याच्या मॅनेजरला सक्तीची लढत टाळणं आजच्यापेक्षाही सोपं होतं. लेझ्नेविचने १९४६ ते १९४८ मध्ये पट्टा पणाला लावला तो फ्रेडी मिल्स आणि बिली फॉक्स यांच्याविरुद्ध. चार्ल्सला संधी देण्यात धोका मोठा आणि तिकिटांची कमाई कमी. मार्च १९४९ मध्ये लुई निवृत्त झाला, वरच्या गटातली खुर्ची रिकामी झाली आणि चार्ल्स तिकडे गेला. २२ जून १९४९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर त्याने वॉलकॉटला पंधरा फेऱ्यांत हरवून नॅशनल बॉक्सिंग असोसिएशनचं हेवीवेट जेतेपद घेतलं. काट्यावर चार्ल्स १८१¾ पौंड, वॉलकॉट १९५½.

कौशल्याबद्दल बोलताना 'चतुर', 'शैलीदार' अशी विशेषणं वापरून लोक मोकळे होतात. त्यातून हाती काही लागत नाही. चार्ल्स सहा फूट उंच, हातांचा पल्ला ७३ इंच. मूरचा पल्ला ७५, लुईचा ७६. म्हणजे लांब अंतरावर उभं राहून जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारत फेऱ्या जिंकण्याची सोय त्याला निसर्गाने दिलेली नव्हती. मोठ्या लढतींत त्याला आत शिरावं लागायचं, आणि आत शिरणाऱ्याला मार खाण्याचा धोका असतोच. त्याची सगळी कला या एका अडचणीतून घडली आहे.

आत शिरण्याचं पहिलं साधन दुहेरी जॅब. पहिला जॅब हलका, समोरच्याच्या ग्लोव्हवर किंवा कपाळावर. त्याचं काम डोळे झाकणं. दुसरा खरा, आणि त्याच्याबरोबर पुढचा पाय साधारण वीतभर पुढे. सरावात मुलं दोन्ही जॅब एकाच जोराने मारतात, तिथेच सगळं फसतं. पहिल्यात खांदा पूर्ण ओतला की वजन पुढच्या पायावर जाऊन बसतं, दुसऱ्या जॅबला जोर उरत नाही आणि हनुवटी पुढे जाते. दुसरी चूक म्हणजे पाय जॅबच्या आधी टाकणं. हात आणि पाय एकदम पोचले पाहिजेत; पाय आधी गेला तर तुम्ही समोरच्याच्या उजव्या हाताच्या टप्प्यात रिकाम्या हाताने उभे असता.

त्यामागून उजवा. चार्ल्स उजवा हात दोन प्रकारे वापरायचा. एक, जॅबशिवाय थेट, पहिलाच ठोसा म्हणून. हा धाडसी प्रकार आहे, कारण मागच्या हाताला अंतर जास्त कापावं लागतं. तो ते खपवायचा कारण आधीच्या दोन-तीन वेळा त्याच हालचालीतून जॅब आलेला असायचा आणि समोरचा डाव्या हाताची वाट बघत असायचा. दुसरा प्रकार म्हणजे समोरच्याच्या जॅबवरून. डोकं बाहेरच्या बाजूला जेमतेम ग्लोव्हभर सरकवायचं आणि जॅब खांद्यावरून जात असतानाच उजवा त्याच्या वरून सोडायचा. इथे 'जेमतेम' हा शब्द महत्त्वाचा. डोकं जास्त नेलं की तोल जातो आणि परतीचा ठोसा उशिरा निघतो. उजव्याच्या पाठोपाठ आखूड डावा हुक: कोपर वाकलेलं, पल्ला हातभराचा, कंबरेच्या फिरण्यावर मारलेला. उजवा लागो न लागो, त्याने कंबर डावीकडे वळलेली असते आणि हुकसाठी ताण आपसूक भरलेला असतो.

यानंतर त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, बाहेर पडणं. पुष्कळ चांगले बॉक्सर तीन ठोसे सुंदर मारतात आणि मग त्याच रेषेत सरळ मागे येतात, आणि मार तिथेच खातात. चार्ल्स त्याच्या चांगल्या दिवसांत हुक मारल्यावर पुढच्या पायाच्या चवड्यावर फिरायचा, मागचा पाय अर्धवर्तुळात ओढायचा आणि समोरच्याला वळून त्याला शोधायला लावायचा. समोरचा वळेपर्यंत आणखी एक जॅब. नाहीतर उलट करायचा: बाहेर न पडता कपाळ समोरच्याच्या खांद्यावर टेकवून आत राहायचा, आणि बरगड्यांवर आखूड ठोसे, मधूनच अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीकडे मारलेला ठोसा. अंतर लांब असो, मध्यम असो की चिकटून, तिन्ही ठिकाणी त्याच्याकडे काम होतं. मूर आतल्या लढाईत आणि आडव्या हातांच्या बचावात उस्ताद, मॅक्सिम जॅब आणि धरपकडीत, मार्शल प्रतिठोशात, बिव्हिन्स लांब हाताच्या दांडगाईत. या चौघांना हरवायला एकच शैली पुरत नाही.

सरावात आणायचं असेल तर तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या ठेवा, पहिल्या दोन सावलीबॉक्सिंगच्या (समोर कोणी नसताना हवेत ठोसे), तिसरी कोचबरोबर; मध्ये एक मिनिट विश्रांती. पहिल्या फेरीत फक्त दुहेरी जॅब आणि बाहेर पडणं, उजवा हात गालाला चिकटलेला. दुसरीत जॅब-जॅब-उजवा-हुक आणि डावीकडे फिरणं. तिसरीत कोचने पॅडवरून जॅब टाकायचा आणि मुलाने फक्त बाहेर सरकून उजवा. जमिनीवर खडूची एक रेघ ओढा. ठोशांची मालिका संपल्यावर मागचा पाय रेघेवरच सापडला तर ती मालिका धरायची नाही. पहिल्या आठवड्यात मुलं फिरताना दोन्ही पाय एका रेषेत आणतात आणि हलक्या धक्क्यानेही कोलमडतात. त्यावर उपाय म्हणजे वेग कमी करणं.

आता त्याचे दोष, कारण ते झाकले तर वजनगटाचा मुद्दाच कळणार नाही. मागे सरताना तो कधी कधी सरळ रेषेत सरायचा, हात छातीपर्यंत उतरलेले, भरवसा डोळ्यांवर आणि कमरेतून मागे झुकण्यावर. १७५ पौंडांच्या आसपास हे बहुतेक वेळा निभायचं. समोरचा त्याच्याच वेगाचा असायचा, आणि एखादा ठोसा लागलाच तर डोकं हलायचं पण पाय जाग्यावर राहायचे. १८ जुलै १९५१ ला पिट्सबर्गला वॉलकॉट सातव्या फेरीत रमतगमत चालत आत आला. डावा हात पोटाकडे जाणार असं वाटावं अशा बेताने निघाला आणि हनुवटीवर बसला. त्या दिवशी वॉलकॉट १९४, चार्ल्स १८२. सवय तीच जुनी. किंमत मात्र नव्या गटाच्या दराने मोजावी लागली.

वजन वाढलं की बॉक्सरचं नेमकं काय बिघडतं, हे चार्ल्सइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. पहिलं म्हणजे शेवट करण्याची ताकद. लाइट हेवीवेटच्या आसपास असताना त्याने पहिल्या रांगेतल्या लोकांना संपवलं: मूर, मार्शल, बिव्हिन्स. हेवीवेट जेता असताना ज्यांना वेळेआधी संपवलं ते लेझ्नेविच, पॅट व्हॅलेंटिनो, फ्रेडी बेशोर, निक बरोनी आणि ली ओमा. यातला लेझ्नेविच स्वतः खालच्या गटातून आलेला आणि उतरणीला लागलेला, बाकीचे दुसऱ्या फळीचे. वॉलकॉटशी चार लढती झाल्या, चार्ल्स त्याला एकदाही बाद करू शकला नाही. लुईलाही नाही.

दुसरं म्हणजे मिठीतली झीज. प्रेक्षकाला धरपकड म्हणजे विश्रांती वाटते. पंधरा किलो जास्त वजनाचा माणूस मानेवर हात टाकून झुकला की तो तुमच्या पायांतून पुढच्या दोन फेऱ्या काढून घेत असतो. २७ सप्टेंबर १९५० ला यांकी स्टेडियमवर लुई २१८ पौंड होता आणि चार्ल्स १८४½. फरक साडेतेहतीस पौंडांचा. चार्ल्सने ती लढत तिन्ही पंचांच्या कार्डांवर जिंकली, फेऱ्यांच्या हिशेबात १०-५, १२-३ आणि १३-२ अशी, आणि लुईचा डोळा सुजून मिटला. लुई तेव्हा छत्तीस वर्षांचा, निवृत्तीतून परतलेला, दोन वर्षांहून जास्त काळ जेतेपदाच्या लढतीपासून दूर होता; या विजयाला 'तरण्या लुईवरचा विजय' म्हणणं लबाडी ठरेल. पण उलट बाजूने 'म्हातारा लुई होता' म्हणून तो निकालात काढणाऱ्यांनी हा वजनातला फरकही मांडावा. लाइट हेवीवेटच्या वर जेमतेम साडेनऊ पौंड असलेला माणूस पंधरा फेऱ्या तेच करत राहिला: जॅब, पोटात हुक, उजवा, बाजूला.

तिसरं म्हणजे ज्याचं खापर वजनाऐवजी मनावर फोडतात ते सॅम बरूदी प्रकरण. २० फेब्रुवारी १९४८ ला शिकागोत चार्ल्सने बरूदीला दहाव्या फेरीत बाद केलं आणि त्या मारातून बरूदी वाचला नाही. त्यानंतर चार्ल्सच्या हातातला जाळच गेला, तो सावध झाला, असं मत फार जुनं आहे आणि जवळजवळ प्रत्येकजण ते पुढे ढकलतो. मनावर परिणाम झाला नसेल असं कोण म्हणेल? पण निकाल वेगळं सांगतात. त्याच वर्षी मे महिन्यात रे नवव्या फेरीत, आणि डिसेंबरमध्ये दोनशे पौंडांवरचा जो बॅक्सी अकराव्या फेरीत. ठोसे आखडलेल्या माणसाचे हे निकाल नाहीत. ज्या महिन्यांत तो 'बदलला' असं म्हणतात, नेमक्या त्याच महिन्यांत त्याचे प्रतिस्पर्धी दहा ते वीस पौंडांनी जड झाले. मला तरी निम्म्याहून जास्त खुलासा तिथेच दिसतो.

मिडलवेटचं काय? १९४२ मध्ये, वयाची एकवीस वर्षं पूर्ण होण्याआधी, त्याने चार्ली बर्लीला पाच आठवड्यांत दोनदा हरवलं: २५ मे आणि २९ जून. बर्ली म्हणजे ज्याच्याशी लढायला जेते राजी नसत असा माणूस. त्यावरून काहीजण म्हणतात की चार्ल्सचा खरा गट १६० पौंडांचा. हे मला पटत नाही. बर्ली अंगाने लहान होता, आणि चार्ल्स त्या वर्षी वाढत होता. वीस वर्षांच्या पोराने एका उन्हाळ्यात जे वजन गाठलं ते त्याचं कायमचं वजन नसतं. त्याच्या मोठ्या ठोशांमागचं अंग भरलं ते सैन्यातून परतल्यावर. माझा आकडा १७० ते १७५, आणि वर्ष विचाराल तर १९४६ ते १९४८.

आजच्या गटांत त्याला बसवताना एक गफलत हमखास होते. १८२ किंवा १८४ पाहून लोक त्याला सरळ क्रूझरवेट, म्हणजे लाइट हेवीवेट आणि हेवीवेट यांच्या मधल्या गटातला, ठरवतात. त्या काळी क्रूझरवेट गटच नव्हता. तो १९७९-८० च्या सुमारास १९० पौंडांच्या मर्यादेने आला आणि पुढे २०० वर गेला. पण खरा फरक वजन करण्याच्या वेळेत आहे. चार्ल्सच्या काळी वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. आज ते आदल्या दिवशी होतं, आणि बॉक्सर पाणी काढून १७५ भरतो, मग रात्रभरात भरून रिंगमध्ये १८५ च्या घरात चढतो. म्हणजे लुईसमोर उभा राहिलेला चार्ल्स आजच्या लाइट हेवीवेटएवढाच होता, आणि मूरला हरवणारा चार्ल्स आज मनात आणलं तर १६८ च्या सुपर मिडलवेटमध्येही बसला असता. क्रूझरवेटमध्ये त्याला आज दहा-पंधरा किलो जड लोक भेटले असते, म्हणजे पुन्हा तीच गत.

इथे क्रूझरवेटमधून वर येऊन हेवीवेट जेता झालेल्या ओलेक्सांद्र उसिकचं उदाहरण हमखास येतं: लहान माणूस हेवीवेटमध्ये राज्य करू शकतो ना? उसिक सहा फूट तीन इंच आहे आणि २०२१ मध्ये अँथनी जोशुआविरुद्ध २२१ पौंडांवर होता, म्हणजे चार्ल्सहून जवळपास चाळीस पौंड जास्त. त्यापेक्षा मायकल स्पिंक्सची तुलना योग्य. १९८५ मध्ये हेवीवेट जेता लॅरी होम्ससमोर जाताना तो लाइट हेवीवेट जेता ठरवून, शास्त्रशुद्ध आहार-व्यायामाने दोनशे पौंडांपर्यंत नेला होता. चार्ल्सच्या अंगावर असं काही चढवलेलं नव्हतं. तो सात-दहा पौंड जास्त खाल्लेला लाइट हेवीवेट होता, बस.

१७५ मध्ये पहिला नंबर देताना मला दोनच ठिकाणी अडखळायला होतं. एक मूर, कारण त्याचं राज्य जवळजवळ दशकभर चाललं आणि चार्ल्सचं तिथे एक दिवसही नाही. पण समोरासमोर तीनदा हरलेल्याला वर ठेवायला माझा हात धजत नाही. दुसरा बॉब फॉस्टर, पुढच्या पिढीतला लाइट हेवीवेट जेता. सहा फूट तीन इंच, लांब जॅब आणि त्या गटातला कदाचित सगळ्यात घातक डावा हुक. चार्ल्सची हात उतरवून सरळ मागे जायची खोड फॉस्टरसमोर फार महागात पडली असती. तरी पंधरा फेऱ्यांच्या लढतीत पोटावर काम करून आत राहणारा चार्ल्स मी पसंत करीन. यावर वाद घालायला जागा आहे.

फिल्म पाहून स्वतः ठरवायचं असेल तर आधी एक अडचण ध्यानात घ्या. त्याच्या उत्तम वर्षांच्या, १९४६ ते ४८ च्या, लढतींचं चित्रण जवळपास उपलब्धच नाही. जे आहे ते बहुतेक हेवीवेटचं. त्याची किंमत कमी होण्यामागे हे मोठं कारण आहे, कारण लोक डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवतात. म्हणून चित्रणातून तंत्र वाचा आणि ताकद निकालांच्या वहीतून वाचा, दोन्हींची सरमिसळ नको. बातमीपटांच्या तुकड्यांवर तर अजिबात विसंबू नका. त्यात खाली पडलेले क्षण असतात, ते घडवणाऱ्या आधीच्या दोन मिनिटांतली पायांची हालचाल नसते. फेरी पूर्ण आहे का हे घंटेपासून घंटेपर्यंत सेकंद मोजून तपासा. १८० भरायला हवेत. कमी भरले तर मधलं कापलेलं आहे, आणि त्या फेरीचे गुण देत बसू नका.

आवाज बंद करा, समालोचक तुमच्या डोळ्यांना ओढून नेतो. एकच फेरी तीनदा पाहा. पहिल्यांदा फक्त चार्ल्सचे पाय, कमरेच्या वर बघायचंच नाही. दुसऱ्यांदा फक्त डावा हात, अर्ध्या वेगाने. किती जॅब एकेरी, किती दुहेरी, हे कागदावर रेघा मारून मोजा. तिसऱ्यांदा त्याची प्रत्येक मालिका संपल्यानंतरचा एक सेकंद: तो बाजूला गेला, आत राहिला की सरळ मागे? लुईच्या लढतीतली एखादी सुरुवातीची आणि एखादी शेवटाकडची फेरी अशी पाहिलीत, तर थकल्यावर 'सरळ मागे'च्या रेघा वाढतात की नाही, हे तुम्हालाच सांगता येईल. वॉलकॉटच्या त्या डाव्या ठोशाची भविष्यवाणी तिथेच सापडते.

मार्सियानोशी झालेल्या दोन लढतींपैकी पहिली, १७ जून १९५४ ची, त्यानंतर घ्या. इथे वजन जवळजवळ सारखं आहे, चार्ल्स १८५½ आणि मार्सियानो १८७½, म्हणजे वजनाची सबब चालणार नाही. चार्ल्स बत्तीसचा, शंभरच्या आसपास लढती अंगावर. पहिल्या काही फेऱ्यांत मार्सियानोच्या डोळ्याजवळची कातडी फुटते, उजवा हात घरी पोचतो, फिरून बाहेर पडणंही आहे. मग मार्सियानो दंडांवर, खांद्यांवर, जिथे मिळेल तिथे मारत राहतो आणि फिरणं हळूहळू बंद होतं. कार्डं मार्सियानोच्या बाजूने ८-५-२, ९-५-१ आणि ८-६-१ (शेवटचा आकडा बरोबरीच्या फेऱ्यांचा). मार्सियानोसमोर पंधरा फेऱ्या पूर्ण करणारा चार्ल्स हा एकटाच. सप्टेंबरच्या परत लढतीत त्याने वजन १९२½ पर्यंत वाढवलं, सहाव्या फेरीत मार्सियानोची नाकपुडी उभी फाडली आणि आठव्या फेरीत स्वतः बाद झाला. ती सात पौंडं कशाला चढवली असतील, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. पाय जड झाले आणि ठोशात फारशी भर पडलेली दिसत नाही. दोन्ही लढतींच्या चौथ्या फेऱ्या एकामागून एक लावून फक्त पाय पाहा, फरक दिसेल.